चूलबंद आवतण

टेंभरी गावात आवतणाचे दोन प्रकार. ‘घरी एक’ म्हणजे घरातल्या एकाने यावं, जेवावं आणि जेवण कसं होतं ते घरी जाऊन बाकीच्यांना सांगावं. ‘चूलबंद’ म्हणजे पाळण्यातल्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळं घर आमच्या पंगतीला. उद्या तुमच्या घरची चूल पेटवायची नाही. पहिलं आवतण ओळखीच्यांना, दुसरं आपल्या माणसांना. आणि ज्याला दुसरं मिळायला हवं त्याला ते मिळालं नाही, तर त्याने काय करायचं हेही ठरलेलं होतं. भांडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. तिकडे पंगत बसायच्या वेळेला इकडे आपली चूल पेटवायची. छपरावर धूर दिसला की गाव काय ते समजून घेत असे, आणि यजमान हातातलं काम टाकून धावत येत असे.

विठ्ठलरावांना ही रीत पुरती पाठ होती. अडचण एवढीच होती की आता गावात घरोघरी गॅस आला होता, आणि गॅसला धूर नसतो.

विठ्ठलरावांच्या धाकट्या भावाचा, उकंडरावांचा मुलगा कपिल यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता. त्याची सोयरीक केळापूरला झाली. उद्या मांडव आणि परवा लग्न. मांडवाला गावजेवण होतं, आणि त्याचं आवतण विठ्ठलरावांना आलंही होतं. ते फोनवर आलं होतं. ‘टेंभरी ग्रामस्थ’ नावाच्या ग्रुपवर, शुभ सकाळवाले दोन गुलाब आणि बोअरवेलची एक जाहिरात यांच्या मधोमध. कार्डावर गणपती होता, सनई होती, ‘आग्रहाचं निमंत्रण’ होतं. तेच कार्ड सरपंचाला, तेच दूधवाल्याला आणि तेच सख्ख्या मोठ्या भावाला.

विठ्ठलराव मांडवाच्या आदल्या दिवशी दुपारपासून समोरच्या ओट्यावर बसून होते. ऊन ओट्यावर आलं तरी उठले नाहीत. कोणी विचारलं की म्हणत, हवा चांगली सुटली आहे. मे महिन्यात टेंभरीत जी हवा सुटते तिला हवा म्हणणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर कोणाची तरी वाट पाहत असतो. दिवेलागण झाली, रात्रीची जेवणं झाली, उकंडरावांच्या घराकडून कोणी आलं नाही.

आई गेल्यावर दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या. भांडण नव्हतं. दोघांची लेकरं वाढली, घर पुरेना, म्हणून चार माणसांदेखत शेत वाटलं, विहीर अर्धी अर्धी केली आणि उकंडरावांनी गल्लीच्या त्या टोकाला घर बांधलं. सगळं नीट झालं. पण एकाच्या घरी कार्य निघालं की दुसऱ्याच्या घरी चूलबंद होत असे, आणि त्या एका दिवसापुरतं दोन्ही घरांचं एकाच ठिकाणी शिजत असे. विठ्ठलराव त्या दिवसाची वाट पाहत असत. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. त्यामुळे ते आता का फुरंगटले आहेत हे घरात कोणाला कळायला मार्ग नव्हता.

"बाबा, आता सगळे फोनवरच सांगतात," त्यांचा मुलगा रजत म्हणाला. त्याचं फुलसावंगीत बी-बियाण्याचं दुकान होतं आणि जगातल्या सगळ्या गोष्टी फोनवर होतात यावर त्याचा विश्वास होता.

"मी सगळ्यात हाव काय?" विठ्ठलराव म्हणाले.

"काकाले लगनाची धावपळ असंल..."

"पुरे. आजपासून या घरात उकंड्याचं नाव काढाचं नाई. त्याच्या घरची एक गोष्ट माह्या कानावर आली नाई पाह्यजे. कोनाकडूनच नाई." शेवटचं वाक्य त्यांनी बायकोकडे पाहून म्हटलं.

"बरं," विजयमालाबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा शब्द फार विचारपूर्वक वापरला होता.

"अन् उद्या आपली चूल पेटंल."

सून निकिता भाबडी. ती म्हणाली, "मामाजी, सिलेंडर भरलेलंच हाय. परवाच आलं."

"सिलेंडरचा धूर दिसते काय तुह्या?" विठ्ठलराव कडाडले आणि झोपायला गेले.

मागच्या अंगणात चूल होती. विजयमालाबाईंनी स्वतःच्या हाताने घातलेली, पुढे मोठं तोंड आणि मागे धाकटी वैल. गच्चीवर सोलर बसेपर्यंत तिच्यावर आंघोळीचं पाणी तापत असे. आता तिच्यात मांजर व्यालं होतं. पहाटे विठ्ठलरावांनी मांजरीला तिच्या तीन पिलांसकट हलवलं, तेव्हा तिने त्यांच्या मनगटावर ओरखडा काढला. रुसव्याची सुरुवात रक्ताने झाली.

चूल पेटवणं या विषयातला विठ्ठलरावांचा अभ्यास दांडगा होता, पण तो सगळा खाटेवर बसून झालेला. लाकूड फार आत घातलं, लाकूड फार बाहेर राहिलं, फुंकर जोराची झाली, घरभर धूर केला, असे शेरे ते लग्न झाल्यापासून देत आले होते. स्वतः पेटवलेल्या वस्तू म्हणजे बिडी आणि होळी. होळीलाही गाव सोबत असतं.

त्यांनी चुलीपाशी तुरीच्या वाळल्या काड्यांचा भारा आणून टाकला. विजयमालाबाई मागच्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी न राहवून सांगितलं, "ह्या तुराट्या वाळून कोळ झाल्या. याच्यानं धूर नाई व्हाचा. धूर ओल्या लाकडाचा होते."

हे विठ्ठलरावांना पटलं. घरात रागाचा धूर करायला बायकोचा सल्ला घ्यावा लागतो यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. ते कुऱ्हाड घेऊन नाल्याकडे गेले. मे महिन्यात ओलं लाकूड मिळणं सोपं नसतं. बाभळी सुकून खडखडीत, पळसाला पानं तेवढी. शेवटी नाल्याच्या वळणावर एक निंब सापडला. त्याच्या चार फांद्या तोडून, खांद्यावर घेऊन, घामाने निथळत ते परत आले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

दारात सगळं घर नटून उभं होतं. रजतने इस्त्रीचा शर्ट घातला होता, निकिताने केसांत गजरा माळला होता आणि विजयमालाबाईंनी पेटीतली जांभळी काठापदराची साडी काढली होती.

"कुठं निंघाले?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"मांडवाले," विजयमालाबाई म्हणाल्या.

"आवतण नसतानी? लाज वाटू द्या जराशी!"

"अहो, आयका तं. तुम्ही नाल्यावर गेलते ना, तवा सकाळी..."

"नाव काढाचं नाई म्हतलं ना मी!"

"पन मामाजी, ते सकाळी..." निकिताने धीर केला.

विठ्ठलरावांनी हात वर केला. निंबाच्या फांद्या खांद्यावर असल्यामुळे तो हात फार भारदस्त दिसला. 

"बरं," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून बाहेर पडल्या. गल्लीत वळताना त्या हसल्या असं विठ्ठलरावांना वाटलं. पण उन्हाने डोळ्यांवर तिरीप येत होती, त्यामुळे खात्री देता येत नव्हती.

झालं. ज्या घराच्या मानासाठी धूर काढायचा ते सगळं घर जेवायला निघून गेलं, आणि मान राखायला विठ्ठलराव एकटे उरले.

त्यांनी आधी पुठ्ठे घेतले. निकिता फोनवरून नाही नाही त्या वस्तू मागवते, त्यांचे खोके कोपऱ्यात साचले होते. पुठ्ठा भसकन पेटला, विठ्ठलराव मागे सरले, आणि त्यांनी फांदी हातात घेईपर्यंत पुठ्ठ्याची काळी पापडी होऊन वाऱ्यावर उडून गेली. मग त्यांनी फांद्या आधी रचल्या आणि खाली पुठ्ठा सारला. पुठ्ठा जळाला. फांद्यांनी त्याची दखल घेतली नाही.

रॉकेल असतं तर प्रश्न नव्हता. पण रॉकेल गावातून गेलं त्याला जमाना झाला. देवघरातून कापराच्या वड्या आणल्या. कापराने चुलीला क्षणभर देवळाची कळा आली आणि ती गेली.

मग नाइलाजाने तुराट्या. तुरीच्या वाळलेल्या काड्या, मार्चपासून उन्हात पडलेल्या. मूठभर मोडून चुलीत घातल्या, काडी लावली, आणि काय सांगावं! जाळ असा लागला की बघत राहावं. पिवळा, सरळ, चुलीच्या तोंडातून निघून वैलीपर्यंत पोचलेला. त्यात नावालाही धूर नव्हता. चाळीस वर्षं विठ्ठलराव ज्या बिनधुराच्या जाळासाठी बायकोला बोलत आले होते तो आज त्यांनी पहिल्याच झटक्यात साधला होता, आणि आज तो कोणाला नको होता.

त्यांनी त्या जाळावर निंबाच्या फांद्या टाकल्या. जाळ चुरचुरला, फेस आला, आणि चूल विझली.

असं दोनदा झालं, तिसऱ्यांदाही झालं. मग विठ्ठलराव बूड टेकून बसले आणि आयुष्यात प्रथमच चुलीकडे नीट पाहिलं. नुसत्या जाळाने ओलं पेटत नाही, खाली निखारा हवा. निखाऱ्याला जाड लाकूड हवं. त्यांनी गोठ्यातून बाभळीचं एक जुनं खोड ओढत आणलं, ते खाली घातलं, त्याच्या दोन्ही बाजूंनी तुराट्या सारत राहिले. मध्ये हवा जायला वाट ठेवली, कारण गच्च भरलं की चूल गुदमरते हे एव्हाना त्यांना कळलं होतं. फुंकणी घेऊन ते पोटावर आडवे झाले. फुंकणीतून फुंकायचं असतं. पहिल्या खेपेला त्यांनी चुकून आत ओढलं. त्यानंतर बराच वेळ ते खोकत राहिले आणि चूल एकटीच राहिली.

पण खोड पेटलं. कडेने लाल झालं. मग त्यांनी निंबाचा पाला एकदम न टाकता मूठमूठ टाकला. एक मूठ पाला, दोन काड्या, एक फुंकर. पाला जास्त झाला की विझायला लागे, काड्या जास्त झाल्या की धूर जाऊन जाळ होई. दोन्हीच्या मध्ये चूल धरून ठेवणं म्हणजे दोन सुनांच्या मध्ये सासूने बसण्यासारखं होतं. जरा हललं की बिघडलं. जिला आपण ‘घरभर धूर करते’ म्हणून बोल लावत आलो ती बाई रोज सकाळ-संध्याकाळ हे करत होती, आणि वर भाकरीही थापत होती, असा एक विचार त्यांच्या मनात आला. पण डोळ्यांत धूर होता, म्हणून त्यांनी तो विचार पुढे नेला नाही.

आणि शेवटी धूर निघाला. जाड, पांढरा, कडवट धूर छपरावर चढला आणि बाजूच्या आंब्याच्याही वर गेला. विठ्ठलराव अंगणाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे राहिले. तोंड काळं, डोळे लाल, बंडीला दोन ठिकाणी भोकं. त्यांना फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात कुंपणाबाहेरून शेजारच्या तांड्यावरचे हरिसिंग निघाले होते. डोक्याला नवा फेटा, मांडवाकडेच चालले होते. त्यांनी थांबून धुराकडे पाहिलं.

"काय विठ्ठलराव, डास लय झाले काय?"

"डास नाई. चूल पेटवली."

"बेस केलं. निंबाच्या पाल्यानं डास पयतात."

"अरे, चूल पेटवली म्हनून राह्यलो मी! मांडवाच्या दिवशी!"

हरिसिंगांनी विचार केला. मग त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी आली. "गॅस संपला काय? माह्या घरी एक भरलेलं पडून हाय. पोराले सांगतो, आनून देईल." मग ते भल्या मनाने म्हणाले, "शरमाचं काय त्याच्यात?" आणि मांडवाकडे गेले.

वाऱ्याचंही विठ्ठलरावांशी काहीतरी वैर असावं. उकंडरावांचं घर पूर्वेला, आणि वारा धूर उचलून नेमाने पश्चिमेला नेत होता. पश्चिमेला हंसाबाई राहत. त्यांचा आवाज भिंतीवरून आला.

"विठ्ठलभाऊ, कचरा सांजच्याले जाळत जा ना! माह्या साड्या वाळत हाय!"

"कचरा नाई हंसाबाई, चूल हाय."

"मंग चुलीत कचरा कायले जाळता?"

 विठ्ठलरावांनी आणखी एक मूठ पाला टाकला. रुसलेल्या माणसाला एक वेळ दुष्मन चालतो, पण समजूतदार शेजारी चालत नाही. आपण काय करतो आहोत हे गावाला कळेना, या गोष्टीचं त्यांना आता मूळ रागापेक्षा जास्त वाईट वाटायला लागलं.

मग फाटकातून चार पोरं आत आली. कपिलचे लोहाऱ्याच्या कंपनीतले दोस्त. डोळ्यांवर गॉगल, हातांत फोन. मांडवाचं घर शोधत होती, धूर पाहून इकडे वळली होती.

"काका, चूल! खरीखुरी!" एक जण म्हणाला. "हायवेवर नुसती चुलीवरच्या जेवणाची पाटी असते, चूल कुठंच दिसत नाई."

"व्हिडिओ काढतो काका. जरा फुंका ना. धूर येऊ द्या."

विठ्ठलरावांना धूर हवाच होता. त्यांनी फुंकलं. पोरांनी चारी बाजूंनी काढलं.

"पोरं हो, हा साधा धूर नाई," शेवटी न राहवून ते म्हणाले. "हा रागाचा धूर हाय." आणि फोनकडे पाहून त्यांनी सगळं सांगितलं. घरी एक म्हणजे काय, चूलबंद म्हणजे काय, धूर दिसला की यजमान कसा धावत येत असे. आज इतक्या वर्षांनी कोणीतरी मन लावून ऐकत होतं. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला. "सख्खा भाऊ हाय माह्या! अन् मले फोनवर आवतण! म्हनून पेटवली!"

पोरं खूश होऊन हसली. "काका, लय भारी! एक नंबर!" एकाने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग ती मांडवाचा रस्ता विचारून निघून गेली, आणि विठ्ठलरावांनी त्यांना तो रस्ता नीट समजावून सांगितला.

चूल आता त्यांच्या शिकवणीशिवाय चालली होती. विठ्ठलराव दगडावर बसले. पोटात कावळे ओरडत होते. तिकडून बँडचा आवाज येत होता, आणि तोच वारा आता वांग्याच्या भाजीचा वास घेऊन येत होता. या धुराचं पुढे काय करायचं हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. रीत इतकीच सांगत होती की धूर काढायचा. त्यानंतरचं काम दुसऱ्याचं होतं.

बँड मध्येच थांबला.

थोड्या वेळाने विजयमालाबाई लगबगीने आत आल्या. जांभळ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, चेहरा उतरलेला.

"हे काय करून बसले तुम्ही?" त्या म्हणाल्या. "त्या पोराईनं तुमचा व्हिडिओ मांडवात दाखवला. ग्रुपवर बी टाकला. सगळे हासले. भाऊजी एकटे हासले नाई. मांडवाची मुहूर्तमेढ रोवाले हात लावला होता, तो काढून घेतला. म्हने, दादाची चूल पेटली, आता मी मांडव कसा उभा करू."

विठ्ठलरावांना छातीत एकदम गार वाटलं. समजलं होतं. सगळ्या गावात एकाला समजलं होतं. "समजू दे," ते म्हणाले. "त्यालेच समजाले पाह्यजे होतं. आवतण देल्लं नाई तं..."

"देल्लं ना!" विजयमालाबाईंनी कपाळावर हात मारला. "सकाळी स्वता आलते भाऊजी. तुम्ही नाल्यावर लाकडं तोडाले गेलते. हात जोडून सांगून गेले, वैनी, चूलबंद हाय, मेढीले दादाचा हात लागंल तवाच बाकीचं."

"मंग सांगतलं काहून नाई मले?"

"नाव काढाचं नाई, असं कोन म्हने?"

 तेव्हा सगळंच उलटं असल्याचं विठ्ठलरावांच्या ध्यानात आलं. चूलबंदचं आवतण आलं नाही म्हणून चूल पेटवणं हा रुसवा झाला. घरी येऊन, हात जोडून चूलबंद सांगितल्यावर चूल पेटवणं म्हणजे तोंडावर थुंकणं. अशी आगळीक टेंभरीत त्यांच्या बापाच्या काळातही कोणी केलेली नव्हती.

"विझवा!" ते ओरडले, आणि स्वतःच पाण्याची बादली उचलून चुलीवर पालथी केली.

सकाळभर जी चूल पेटायला तयार नव्हती ती आता विझायला तयार होईना. भुस्सकन आवाज झाला आणि धुराचा असा लोट उठला की अंगण दिसेना, आंबा दिसेना, विजयमालाबाई दिसेनात. त्यांनी दुसरी बादली ओतली. आणखी मोठा लोट उठला. तोवर निघालेला सगळा धूर त्याच्यापुढे काहीच नव्हता. आणि वारा आता पूर्वेला फिरलेला होता.

तो लोट जरा विरळ झाला तेव्हा फाटकात उकंडराव उभे होते. पांढरा सदरा, गळ्यात नवा रुमाल, कपाळावर हळद. मांडवातून तसेच उठून आले होते. ते भावाकडे पाहत नव्हते, धुराकडे पाहत होते.

"काल केळापूरहून याले रात झाली," ते म्हणाले. "म्हतलं, दादाची झोपमोड कायले करा. सकाळी चहा बी न पेता आलतो. चूलबंद सांगून गेलतो. अन् तू..."

विठ्ठलरावांना खरं सांगता आलं असतं. पण त्यासाठी आपल्याला माहीत नव्हतं हे सांगावं लागलं असतं, आणि का माहीत नव्हतं हेही. मोठेपणाला एवढं एकदम झेपत नाही. ते म्हणाले, "आंघोळीचं पानी तापवून राह्यलो."

उकंडरावांनी वर पाहिलं. गच्चीवर सोलर चकाकत होता. मग त्यांनी चुलीकडे पाहिलं.

"भांडं कुठं हाय?"

विठ्ठलरावांनीही चुलीकडे पाहिलं. चुलीवर काही नव्हतं. पुठ्ठे, कापूर, तुराट्या, बाभूळ, निंब, सगळं चुलीत घालून झालं होतं. पण चुलीवर काहीतरी ठेवायचं असतं हे पहाटेपासून एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"रिकामी चूल जाळली तू?" उकंडरावांच्या आवाजात आता रागापेक्षा धसका होता. "काई नसलं तं पान्याचा गंज, एखादं पातेलं तरी ठेवाव माणसानं. रिकामी चूल जाळतात काय दादा? अपशकुन असते तो."

"ध्यानात नाई राह्यलं," विठ्ठलराव म्हणाले. मग खाली बसले. एवढ्या धुरात कोणी नीट दिसत नव्हतं, म्हणूनच बहुतेक त्यांना बोलता आलं. "मले वाटलं तू मले गावात धरलं. घरात नाई धरलं. दिवसभर ओट्यावर बसून होतो काल."

 उकंडरावांचे डोळे वाहत होते. अंगणात तिघांचेही वाहत होते, त्यामुळे कोणाचे कशाने वाहत आहेत ते विचारायची सोय नव्हती. त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. मांडवातून कपिल बोलवत होता. भटजी घड्याळ दाखवत असणार, गाव पोटाला हात लावून बसलं असणार. उकंडरावांनी फोन वाजू दिला. ते सदऱ्याची पर्वा न करता चुलीसमोर दगडावर टेकले.

"वैनी, चहाचा गंज आना," ते म्हणाले. "पेटलीच हाय तं काई शिजू द्या. रिकाम्या चुलीवरून उठून मी मेढ नाई रोवत."

विजयमालाबाई आत गेल्या. उकंडरावांनी फुंकणी उचलली आणि राखेत फुंकू लागले. ओली राख नुसती उडाली. विठ्ठलरावांना ते पाहवेना.

"आन इकडं. तुले येत नाई," ते म्हणाले, आणि फुंकणी काढून घेतली.

ते पोटावर आडवे झाले. वरची ओली राख बाजूला सारली, खाली बाभळीच्या खोडाचा गाभा अजून लाल होता. त्यांनी त्याला दोन तुराट्या टेकवल्या, मध्ये हवेला वाट ठेवली आणि हळूच फुंकलं. धग लागली. विजयमालाबाई गंज घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला असं आजवर पाहिलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "लाकूड फार आत नका घालू." हे वाक्य बोलायची संधी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती.

चहा झाला. कपात गाळला, बशीत ओतला. मांडवातून आता कपिल स्वतः निघाला होता, गल्लीतून त्याच्या हाका ऐकू येत होत्या. उकंडरावांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"दादा, चहाले धूर लागला."

"लागंलच. सकाळपासून तुह्यासाठीच करून राह्यलो."

उकंडरावांनी उरलेला चहा एका दमात संपवला आणि रिकामी बशी पुढे केली.

"मंग अजून ओत."